भट्टीची राखण

बाबांच्या घरी सगळ्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं तेव्हा थोरल्या मुलाने सांगितलं. तेही कुणी मीठ मागावं तशा आवाजात.

"मला काम मिळालंय. उद्यापासून जायचंय."

बाबांचा घास हातातच राहिला. बाटल्यांचा कारखाना बंद पडल्यापासून या घरात काम हा शब्द कुणी आपणहून काढत नव्हतं. थोरला भट्टीच्या विटा लावणारा गवंडी, जावई बाटल्यांच्या मशीनवर. दोघंही एकाच दिवशी घरी बसले होते.

"अरे मग असं पडलेलं तोंड करून काय सांगतोस?" आत्या ओरडली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. पॅकिंगच्या खोलीत बाटल्यांच्या खणखणाटात जन्म काढल्यामुळे तिचे कान गेले होते आणि आवाज मात्र वाढला होता. "कुठे मिळालं?"

"आपल्याच कारखान्यात."

बाबा उठून उभेच राहिले. खरकटा हात तसाच हवेत.

"लाइन चालू होतेय? मी म्हणत होतो की नाही!" ते जावयाकडे वळले. "गॅस तोडला नाही तेव्हाच मी म्हटलं होतं. कारखाना संपवायचाच असता तर भट्टीला गॅस कशाला चालू ठेवला असता? म्हटलं होतं की नाही, सेक्रेटरी?"

जावई कामगार समितीचा सेक्रेटरी होता. घरातही त्याला सगळे त्याच नावाने हाक मारत. आधी थट्टेने, मग सवयीने. तो थोरल्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"बाबा, बसा," सून म्हणाली.

"लाइन नाही चालू होत," थोरला म्हणाला. "भट्टी उतरवायचीय. आतली काच बाहेर काढायची, थंड करायची आणि मग विटा सोडवायच्या. जागा विकली त्यांनी. बाहेरचा कंत्राटदार आलाय. त्याला भट्टी माहीत असलेला गवंडी हवा होता."

बाबा बसले. घास तोंडात घातला आणि चावत राहिले.

कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने मशीन थांबवली, वीज तोडली, गेटला कुलूप लावलं. भट्टी मात्र विझवली नाही. मंद आचेवर ठेवली आणि तिच्याकडे बघायला एक पोरगेला इंजिनिअर ठेवला. तो आठवडाभरात कंटाळून गेला. तेव्हा बाबा आपण होऊन पुढे झाले. निवृत्त झालेले आणि नुकतेच घरी बसलेले मिळून सात-आठ म्हातारे. त्यांनी पाळ्या लावून घेतल्या. आग किती आहे बघायची, काच गोठत नाही ना बघायचं, दिवस-रात्र. कुणी पगार मागितला नाही, कुणी दिलाही नाही. चौकीदार त्यांना मागच्या दाराने आत सोडायचा. काच पातळ आहे तोवर कारखाना उद्याही चालू करता येतो, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं. एकदा काच आत गोठली की भट्टी मेली.

"आणि तू हो म्हणालास," जावई म्हणाला.

"म्हणालो."

"आम्ही गेटवर धरणं धरून बसलोय. थंडीत. आणि तू आतून विटा काढणार."

"तुम्ही गेटवर बसलाय, कारण तुमच्या घरात हिचा पगार येतो." थोरल्याने बहिणीकडे बोट केलं. लेक दवाखान्यात कपडे धुण्याच्या खात्यात होती. "माझ्या घरात काय येतं? वाणी, उधारी मागायला?"

"दादा, माझा पगार मध्ये आणू नकोस," लेक म्हणाली.

"का नको आणू? तुझ्या पगारावर क्रांती चाललीय यांची."

"अहो," सून हळूच म्हणाली.

"काय चाललीय?" आत्याने विचारलं.

"काही नाही आत्या, जेवा."

"जेवतेच आहे मी. तुम्हीच कुणी जेवत नाही. एवढं पोरीने घरून करून आणलंय." आत्याने आपल्या ताटात आणखी एक बटाटा घेतला. "मला एक सांगा. इतके दिवस गॅसचे पैसे कोण भरत होतं?"

तिने पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने.

"मालक भरत होता, आत्या," थोरला म्हणाला.

"का?"

थोरल्याने हात धुतले. भांड्यातलं पाणी संपेपर्यंत धुतले. मग म्हणाला, "ते मी सांगणार नव्हतो."

"आता सांग," बाबा म्हणाले.

"जाऊ दे ना बाबा."

"सांग."

"कंत्राटदाराने सांगितलं. काच आत गोठली की ती ब्रेकर लावून फोडावी लागते. महिनोन् महिने. आणि विटाही जातात त्यात. त्या विटा महाग असतात, त्या विकायच्यात त्यांना. काच पातळ असली की खालून भोक पाडायचं, पाण्याच्या चरात सोडायची, दोन दिवसांत मोकळं. जागेचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत भट्टी गरम ठेवायची, एवढंच होतं त्यांचं. बाकी काही नव्हतं मनात." त्याने ओले हात पुसले. "कंत्राटदार म्हणाला, तुमच्या म्हाताऱ्यांनी फुकटात आमचं मोठं काम केलं. माझा नमस्कार सांग म्हणाला."

आत्याला सगळं ऐकू आलं असावं. तिने बटाटा परत भांड्यात ठेवला.

बाबांना वाटलं, कुणीतरी हसेल. आपण स्वतः हसू. फजिती तशीच होती. गल्लीत कुणाची झाली असती तर आठवडाभर पुरली असती. पण हसू आलं नाही. त्यांना एकेका म्हाताऱ्याचं तोंड आठवत होतं. दमा असून पहाटेची पाळी घेणारा पेंटर. घरी सुनेशी पटत नाही म्हणून तासभर आधीच येऊन बसणारा फिटर. सगळ्यांना बाबांनीच गोळा केलं होतं. गॅस चालू आहे म्हणजे मालकाच्या मनात आहे, हे बाबांचंच वाक्य. तेच सगळ्यांच्या तोंडी झालं होतं.

जावई एकदम सरळ बसला.

"मग सोपं आहे. आज संध्याकाळी कुणाची पाळी आहे?"

"माझी," बाबा म्हणाले.

"गॅसचं चाक बंद करा. आजच. सकाळपर्यंत वरचा थर धरेल, दोन दिवसांत आतपर्यंत दगड. मग म्हणावं फोडत बसा. इतके दिवस आपल्याला बनवलं ना? भरू दे आता."

"आणि माझं काम?" थोरला म्हणाला.

"ते काम नाही, ती हमाली आहे."

"हमाली तर हमाली. तू दे दुसरी. आहे तुझ्या समितीकडे?"

"धोक्याचंही आहे ते," सून मध्येच म्हणाली. आतापर्यंत ती नवऱ्याच्या बाजूने गप्प होती. आता नेमकी कुणाच्या बाजूने बोलत होती ते कळत नव्हतं. "काच नीट वाहिली नाही तर जवळ जाऊन सळईने ढोसावी लागते म्हणे. मी म्हटलं यांना, नका जाऊ. तर म्हणाले, मग काय करू ते सांग. मला सांगता आलं नाही."

"बाबा, तुम्ही बोला," जावई म्हणाला. "तुमच्या हातात आहे. तुमच्यासारख्या माणसाला त्यांनी येडा बनवलं. याचं काहीच वाटत नाही तुम्हाला?"

"त्यांना कशाला भरीला घालतोस?" थोरला ओरडला. "तुला करायचं तर तू जा, तू बंद कर!"

"मला आत कोण सोडतंय! सोडत असते तर—"

जावयाने वाक्य अर्ध्यावर सोडलं. लेक झटकन उठली, भांडी उचलली आणि म्हणाली, "बाबा, जरा आत या. मीठ कुठे ठेवता तुम्ही, काही सापडत नाही मला."

जेवण झाल्यावर मीठ कशाला लागतंय हे कुणी विचारलं नाही.

स्वयंपाकघर एवढंसं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही. आई गेल्यापासून बाबांनी तिथली एकही वस्तू हलवली नव्हती, पण वापरातल्या दोन भांड्यांवर आणि एका कपावर आलं होतं सगळं. लेकीने दार लोटून घेतलं.

"ते बोलतात ते मनावर घेऊ नका."

"बरोबर बोलतायत ते."

"बाबा, तेच गेले होते परवा. कंत्राटदाराकडे. काम मागायला." ती भांडी विसळत होती आणि पाठमोरी बोलत होती. "दादाच्याही आधी. त्याने नाव विचारलं आणि म्हणाला, सेक्रेटरी नको, कटकट नको. घरी आले आणि दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मला कसं कळलं माहितेय? तिथल्या चौकीदाराची बायको माझ्याबरोबर कामाला असते. दादाचंही तिनेच सांगितलं."

बाबा कपाटाला टेकले.

"त्यांना माहीत नाही मला कळलंय ते. तुम्ही काही बोलू नका त्यांना."

"मी कशाला बोलू."

"मी वहिनीला सांगितलंय मघाशी, पानं घेताना. म्हटलं, दादाला बोल, यांच्यासाठी शब्द टाक म्हणावं. मी सांगितलं हे नको कळायला." तिने नाक ओढलं. "बघा ना, बाहेर ते दादाला फितूर म्हणतायत आणि आत मी दादाच्या बायकोचे पाय धरतेय."

बाबांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण आई असताना या घरात जवळ घेण्याचं खातं आईकडे होतं. बाबांना त्यातलं काही येत नव्हतं. त्यांनी टॉवेल पुढे केला.

"उद्यापासून तुला रात्री फोन करत जाईन," ते म्हणाले. "पाळी नसणार आता."

लेक वळली. तिचा चेहरा ओला होता आणि रागावलेलाही.

"पाळी नसेल तेव्हा फोन. बाबा, खरं सांगू? तुम्ही कारखाना वाचवायला नव्हता जात. तुम्ही घर चुकवायला जात होतात. आई गेली त्याच्या तेराव्या-चौदाव्या दिवसापासून. मी संध्याकाळी यायचे, दाराला कुलूप. किल्ली असून आत नाही बसवायचं मला एकटीला. तुम्हाला बसायला ती भट्टी तरी होती. मला काय होतं?"

बाहेर आत्या कुणाला तरी विचारत होती, चहा आहे का. सून म्हणत होती, टाकते.

लेकीने टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "हे काय, इथेच तर आहे मीठ!"

चहा झाला. चहाला कुणी भांडलं नाही. थोरल्याने आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. जावयाने खिडकीची खिटी ढिली झालीय म्हणून सांगितलं आणि चाकूच्या टोकाने ती घट्ट करत बसला. सून उठून थोरल्याजवळ गेली, त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. थोरल्याने जावयाच्या पाठीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

निघताना दारात चपलांची गर्दी झाली. जावई खाली वाकून बूट घालत होता तेव्हा थोरला म्हणाला,

"उद्या माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? मला हाताखाली माणूस लागणारच आहे. माझा माणूस मी निवडणार असं सांगेन त्याला."

"मी?" जावई वर बघेना. नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला. "मला ओळखतात ते."

"टोपी घाल, तोंडाला फडकं बांध. धुराळ्यात सगळे सारखेच दिसतात. आणि भाषण करू नकोस."

जिन्यात लेकीने आत्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. आत्या म्हणाली, "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही पडलं, आत्या."

जावई उठला. त्याने बाबांकडे एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"किती वाजता?" त्याने थोरल्याला विचारलं.

"सात. नाष्टा करून ये. वहिनी डबा देईल दोघांचा."

मग ते जिना उतरले. सगळ्यात आधी आत्या आणि तिला धरून लेक आणि सून, मागे दोघे पुरुष. खालून त्यांचा आवाज येत राहिला. थोरला काहीतरी म्हणाला आणि जावई हसला. नाखुशीने हसला, पण हसला. बाबा खिडकीशी गेले. पाचही जण वळणापर्यंत एकत्र गेले. चाकाचं काय करायचं ते कुणीच त्यांना विचारलं नव्हतं. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही, आणि ते बरंच होतं.

उजेड कमी व्हायला लागला तसे बाबा निघाले. दुसरं काही सुचलंच नाही त्यांना.

गेटवर धरणेकऱ्यांचं कापडी पाल होतं. त्यापुढे दोघे-तिघे शेकोटीला बसले होते. बाबांना पाहून त्यांनी हात वर केला. बाबांनीही केला. चौकीदाराने मागचं दार उघडलं. आत मशीनच्या ओळी अंधारात थंड पडलेल्या. त्यांच्यामधून चालत गेलं की शेवटच्या टोकाला भट्टी. आधी तिची ऊब लागते, मग आवाज, मग ती दिसते.

फिटर बसला होता. नेहमीप्रमाणे आपली पाळी संपली तरी जायची त्याला घाई नव्हती.

"काय, झालं का पोराबाळांबरोबर जेवण? मजा आहे बुवा तुझी."

"झालं."

"आज आच एकसारखी आहे. दुपारी जरा खाली गेली होती, मी सारखी केली." त्याने हात चोळले. "गॅसचा दाब मात्र चांगला आहे हां. मी म्हटलं पेंटरला, दाब कमी नाही केला अजून. म्हणजे मनात आहे त्यांच्या."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या स्वेटरचं एक बटण तुटलं होतं.

"उद्या दहाला सगळ्यांना बोलाव," ते म्हणाले. "माझ्याकडे. घरी. मला बोलायचंय."

"चांगलं की वाईट?"

"उद्या सांगतो."

"म्हणजे चांगलं," फिटर म्हणाला. "वाईट असतं तर आत्ताच तोंडावर दिसलं असतं तुझ्या." आणि तो मफलर गुंडाळत, कधी नव्हे तो भरभर चालत गेला.

बाबा एकटे राहिले.

गॅसचं चाक कमरेएवढ्या उंचीवर होतं. किती वर्षं त्यांनी ते फिरवलं होतं. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. आत्ता त्यांनी दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि तसेच उभे राहिले. बंद करायला काही लागत नव्हतं. सगळं उजवीकडे. फुर्र करून आवाज थांबेल, आणि मग हळूहळू ती लाल, मग काळी. मालकाला सकाळी कळेल. फिटरला, पेंटरला सांगताना मान खाली घालावी लागणार नाही. म्हणता येईल, त्यांनी आपल्याला बनवलं, पण शेवटचा हात आपला होता. ते सांगतानाचा आपला आवाजसुद्धा त्यांना ऐकू आला. चांगला आवाज होता.

त्यांनी हात काढले. झळाळीपासून डोळे वाचवायची निळी काच पुढे धरली आणि भट्टीच्या झरोक्यातून आत पाहिलं.

आतली काच होती तशीच होती. साय धरू पाहणारी, जाड, आळसावलेली. इतके दिवस त्यांनी ती अशीच ठेवली होती. फक्त मरू द्यायची नाही एवढीच. एवढ्या आचेवर ती भोकातून वाहणार नव्हती. थेंब थेंब गळेल, चिकटून बसेल. मग कुणाला तरी सळई घेऊन तिच्या तोंडाशी जावं लागेल. ते कोण असेल हे बाबांना माहीत होतं. थोरला कामात चिडखोर होता, वाट बघायचा नाही, सरळ पुढे घुसायचा. आणि त्याच्या मागे, तोंडाला फडकं बांधून, जन्मात कधी भट्टीच्या खाली न गेलेला जावई.

बाबांनी चाक डावीकडे फिरवलं. पाव फेरा. थांबले, ज्वाळेचा रंग पाहिला. आणखी पाव. घाई केली तर विटा तडकतात. तासभर थांबून पुन्हा, मग पुन्हा. सकाळपर्यंत पाण्यासारखी व्हायला हवी.

भट्टीचा आवाज वाढला. कारखाना चालू असताना होता तसा, अंगात भरणारा. गेटवरच्या शेकोटीपर्यंत तो गेला असावा, कारण तिकडून कुणीतरी आनंदाने ओरडलं आणि एकामागून एक शिट्ट्या वाजल्या.

बाबांनी तिकडे पाहिलं नाही. चेहरा भाजायला लागला तसं त्यांनी आपलं स्टूल उचललं आणि दोन हात मागे नेऊन ठेवलं. थोड्या वेळाने तिथेही बसवेना. त्यांनी ते आणखी मागे नेलं.